मिरवलेली शिकार

ओढ्याकाठच्या एका गावात सुभान नावाचा शिकारी राहत असे. त्याचा नेम अचूक होता, आणि तो अचूक आहे हे रोज कोणीतरी बोलून दाखवावे असे त्याला वाटे. म्हणून शिकार साधली की तो मेलेली पाखरे पिसांसकट काठीला टांगी आणि साऱ्या गावातून फिरून मगच घरी जाई.

त्या वैशाखात त्याचे वडील दीर्घ तापातून उठले. त्यांना अन्न जाईना. वैद्य म्हणाले, "तितराचा रस्सा घोटभर पोटात गेला, तर म्हातारा तगेल."

सुभानने तितरे आणली. त्याची पत्नी गोजरा हिने रस्सा शिजवला. पण वाटी तोंडाशी नेताच म्हाताऱ्याने मान वळवली. रश्शाला कुबट दर्प येत होता. दुसऱ्या खेपेसही तेच झाले.

"तुझ्या हाताला गुण उरला नाही," सुभान म्हणाला.

"हाताला काय झालंय? पाखराचं पोट ओढ्यावरच रिकामं करावं. तुम्ही ते उन्हातून मिरवता, अन् मांस आतून विटतं."

"पोट फाडलेली, पिसे उपटलेली पाखरे पाहून कोण मान डोलावील?"

त्याने नवे मडके आणले, मसाला बदलला. शेजारणी गोजरेविषयी कुजबुजू लागल्या. तिसरा रस्साही ओतून द्यावा लागला. तेव्हा अंथरुणातून क्षीण आवाज आला, "लेका, भांडं बदललंस, मसाला बदललास. आता येण्याची वाट बदलून बघ."

सुभान खजील झाला. दुसऱ्या दिवशी त्याने तितरे ओढ्यावरच साफ केली, धुतली, मीठ चोळून पळसाच्या पानांत बांधली आणि मळ्याच्या आडवाटेने तो झपाझप निघाला. पारावरून कोणीतरी हाक दिली, "काय सुभानराव, आज आडवाटेनं? नेम चुकला वाटतं."

पारावर हशा पिकला. चार पावले पुढे गेला असता, तर ते हसणे मागे पडले असते. पण सुभानचे पाय वळले. तो पारावर जाऊन बसला. पाने सोडून त्याने पाखरे मांडली; कोणते कोठे दडले होते, कोणते उडताना टिपले, हे तो रंगवून सांगू लागला. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. सावल्या लांबल्या, तेव्हा कोठे त्याला घर आठवले.

गोजरेने दुपारपासून आधण ठेवले होते. पुडके हाती घेत ती म्हणाली, "मामंजी सारखे विचारत होते, सुभान आला का. आता विचारायचेही थांबलेत."

तिने घाईने रस्सा चुलीवर चढवला. त्याला पहिली उकळी फुटली, आणि आत म्हाताऱ्याचा श्वास थांबला.

अंत्यविधी आटोपून सुभान परतला. चूल विझली होती. त्याने मडक्यावरचे झाकण काढून वास घेतला. या वेळी रश्शाला कुबट दर्प नव्हता.

"ओतून या," गोजरा दारातूनच म्हणाली. "सुतकाच्या घरात मागचं अन्न ठेवत नाहीत."

तात्पर्य: वेळेवर करण्याचे काम जो चार लोकांच्या कौतुकासाठी अडवून ठेवतो, त्याचे आधी काम नासते; आणि ज्याच्यासाठी ते आरंभले, तो माणूसही अखेर त्याची वाट पाहतच जातो.