सावलखाणीची हाक

घड्याळं खिशात घाला आधी. बारा वाजून वीस मिनिटं झाली म्हणता? झाली असतील तुमच्या घड्याळात. हा दगडी खांब बघा, आणि त्याच्या पायथ्याशी फरशीवर कोरलेली ही रेघ बघा. खांबाची सावली अजून रेघेवर आलेली नाही. म्हणजे इथं बारा वाजलेले नाहीत. समोर पाणी दिसतंय ना, ती सावलखाण. मी भीमण्णा, इथल्याच वडारवाडीतला.

रुळांखाली घालायची खडी या खाणीतून जायची, असं सांगतात. सावली रेघेवर आली की खाली खडी फोडणारे सगळे वर यायचे, भाकरी सोडायचे, आणि मग तिम्मा सुरुंगाची वात पेटवायचा. भोंगा नाही, शिट्टी नाही. कधी गरजच पडली नव्हती.

मग म्हणे सरकारनं सगळ्या मुलखाला एकच वेळ लावली. तिकडे लांब पूर्वेला एक जागा धरली. तिथं सूर्य माथ्यावर आला की सगळ्यांचे बारा, आमची सावली रेघेवर यायच्या आधीच. गाड्यांना एक वेळ लागते, एवढं मलाही कळतं हो. पण खाणीत उतरून चार माणसांना सांगायला काय जीभ झडली होती? खाणीच्या कारकुनानं कचेरीतलं घड्याळ पुढं सारलं आणि एकट्या तिम्माला दरडावलं, "घड्याळात बारा वाजले की वात लाव."

वात लावायची जागा खडकाआड. तिथून खाण दिसत नाही.

"माणसं वर आली का, रावसाहेब?" तिम्मानं विचारलं.

"बारा वाजलेत. आलीच असणार!"

बघायलासुद्धा गेला नाही मेला. तिम्मानं वात लावली, आणि खालची सात माणसं गेली. त्यात तिम्माच्या बायकोचे, दुर्गव्वाचे, दोन्ही भाऊ. आणि कारकुनानं कागदावर काय लिहिलं? मजूर वेळेवर वर आले नाहीत. उशीर केला म्हणे त्यांनी! आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी सावली रेघेवर आली तशी दुर्गव्वा या खांबाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "माझी मानसं येळेवरच हुती. खोड ते. तवर सावली हलायची न्हाई."

आणि सावली हलली नाही, असं सांगतात. कचेरीतल्या घड्याळात चार वाजले, सहा वाजले, आठ वाजले. ऊन डोक्यावर तसंच. शेवटी कारकून घामानं निथळत कागद घेऊन आला आणि सगळ्यांसमोर ती ओळ त्यानं खोडली. तेव्हा सावली सरकली. घड्याळ मात्र त्यानं मागं घेतलं नाही.

आजही सावली रेघेवर आली की वाडीतलं कुणीतरी काठावर जाऊन त्या सात जणांना हाक मारतं. पाण्यात कोण ऐकणार, म्हणून हसू नका. ज्यांना सांगायचं राहून गेलं, त्यांना आम्ही रोज सांगतो.

आली बघा सावली. सरका बाजूला, आज पाळी माझी आहे.

"यंकप्पा! मल्लव्वा! वर या रे सगळी! बारा आत्ता वाजले! उशीर झालेला नाही तुम्हाला!"