आधी मांजराला

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावच्या पाटलीणबाईंचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गवळ्याचं दूध आलं की त्या आधी हुंगत, मग मांजराला पाजत, आणि मग मांजरालाही हुंगत!

एकदा पाटील आजारी पडले. छातीत जळजळ, डोळे लाल, डोळ्याला डोळा नाही. बघता बघता एवढा दांडगा गडी काठीसारखा वाळला. पाटलीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

गावचे वैद्यबुवा आले. त्यांनी पाटलांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, जीभ बघितली आणि विचारलं, "पाटलीणबाई, ताटात तिखट किती असतं? आणि हल्ली राग कुणावर काढतात?"

'दुखतंय छातीत, आणि ह्याला चौकशी रागाची! घरातल्या गोष्टी काढून घेतोय मेला,' पाटलीणबाई मनात म्हणाल्या.

"पित्त भडकलंय," वैद्यबुवा म्हणाले. "तिखट बंद. थंडावा द्या." आणि त्यांनी एक पुडी दिली.

पाटलीणबाईंनी पुडी मांजरापुढे धरली. मांजर शिंकलं आणि पळालं. झालं! पुडी गेली शिंक्यावरच्या मडक्यात.

तेव्हा धर्मशाळेत एका तांड्याबरोबर परदेशी वैद्य उतरला होता. बर्फाच्या डोंगरांपलीकडचा, चीन देशाचा. पाटलीणबाईंनी त्याला मागच्या दारानं बोलावलं. त्यानंही तीन बोटं ठेवली, जीभ बघितली, आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "अंगात ऊन असतं, सावली असते. दोन्ही सारखी पाहिजेत. ह्यांचं ऊन सावलीला खाऊन बसलं. तिखट नको. थंड द्या." आणि त्यानंही एक पुडी दिली.

पाटलीणबाईंचे डोळे बारीक झाले. हा कुठला, तो कुठला! बोली वेगळी, देव वेगळे, आणि बोटं तेवढी तीनच? सल्लाही एकच? 'म्हणजे दोघं आतून मिळालेले!' दोघांचं पटलं नसतं तर एक लबाड ठरला असता. पटलं, म्हणून दोघेही ठरले.

दुसरी पुडीही मडक्यात गेली. मग पाटलीणबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच काढा उकळला. सुंठ, मिरी, पिंपळी. मागे त्यांचा स्वतःचा खोकला त्याच काढ्यानं गेला होता की! सकाळ-संध्याकाळ त्या आपल्या हातानं पाटलांना पाजू लागल्या. तेवढा काढा मात्र त्यांनी मांजरापुढे धरला नाही.

पाटील जास्तच खंगले. एका सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली.

गाव गोळा झालं. वैद्यबुवा धावत आले, परदेशी वैद्यही आला, आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

"काय चारलंस रे ह्यांना?" वैद्यबुवा कडाडले.

"मी नाही. तू काय दिलं?"

"दाखव तुझी पुडी!"

"तू आधी दाखव!"

परक्या माणसावर संशय घ्यायला गावाला कितीसा वेळ लागतो? चार जणांनी काठ्या उचललेल्याच होत्या. तेवढ्यात अंथरुणातून पाटलांचा बारीक आवाज आला, "अगं, पुड्या असतील घरात. आण की."

पाटलीणबाईंनी मडकं उतरवलं. दोन्ही पुड्या होत्या तशाच.

"मग ह्यांच्या पोटात गेलं काय?" दोन्ही वैद्यांनी एकदमच विचारलं.

"काढा... सुंठ-मिऱ्याचा. माझ्याच हातचा."

वैद्यबुवांनी कपाळावर हात मारला. "अहो, तुमची प्रकृती कफाची, तुम्हाला तो अमृत. ह्यांच्या पित्ताला तो म्हणजे पेटल्या गंजीवर तेल!"

परदेशी वैद्याला सगळं कळलं नाही. पण त्यानं काढ्याचा पेला उचलून हुंगला आणि मांजरासारखाच शिंकला.

लोकांनी काठ्या खाली ठेवल्या. दोघं वैद्य मांडीला मांडी लावून पाटलांच्या उशाशी बसले. धन्याचं पाणी, जुन्या तांदळाची पेज आणि त्या दोन पुड्या. पाटील हळूहळू सावरले, उठून ओसरीवर बसायला लागले.

पण पाटलीणबाईंनी ताट पुढे ठेवलं की पाटील आधी मांजराला हाक मारत. पहिला घास काढून ते मांजरापुढे ठेवत, आणि मांजराकडे बघत बसत. पाटलीणबाई दाराशी पदराचं टोक चावत उभ्या राहत.

म्हणून म्हणते बाळांनो, दुसऱ्याच्या हातात विष शोधण्याआधी आपल्या हातातला पेला हुंगावा.