शेजाऱ्याची गाठ

दाराशेजारच्या त्या लोखंडी कड्या पाहिल्यात ना? आमच्या या उत्तरेकडच्या बेटावर बंदराजवळच्या एकूण एक घराच्या भिंतीत अशी कडी आहे, कमरेच्या उंचीवर. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, पूर्वी घोडे बांधत असतील. घोडे कसले बांधताय? हिवाळ्यात इथे वाऱ्यापुढे माणूस उभा राहत नाही. थंडीतल्या पहिल्या वादळाची वर्दी आली की या कड्यांना दोर बांधायचा. माझ्या कडीपासून शेजाऱ्याच्या कडीपर्यंत माझा, तिथून पुढे त्याचा, असं करत करत चर्चपासून खाली धक्क्याच्या टोकावरच्या दिव्यापर्यंत. मग दोराला धरून पोरं शाळेत जातात, नर्सबाई म्हाताऱ्यांना बघायला जातात, मीही दुकानातून पाव घेऊन येते.

मोघे, मोबाइलमध्ये सारखं बघून तुमची फेरी बोट सुटायची नाही. ती आता परवापर्यंत येत नाही. दुकानातल्या पावाच्या फळ्या उद्या रिकाम्या होतील, कचऱ्याचे डबे आत्ताच लोकांनी बांधून ठेवलेत. वहिनी, तुम्ही त्यांना चहा ओता आणि दोघंही खिडकीशी बसा. आज दोर बांधायचा दिवस आहे, नशीब समजा. माझी कडी अजून मोकळी आहे, कारण आपल्या कडीची गाठ आपण बांधायची नाही, शेजाऱ्यानं बांधायची. हा या गावचा कायदा. कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेलाही नाही.

याचं कारण म्हणजे याखन आणि मार्सली. फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल तर इथे प्रत्येकजण वेगळं सांगतो, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. तेव्हा धक्का दगडांचा होता, अरुंद. त्याच्या टोकाला खांबावर माशाच्या तेलाचा एक कंदील. होड्या बाहेर असल्या की तो जळता ठेवायचा, कारण बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडक. आमच्या मालवणच्या समुद्रात खडक आहेत, पण तिथे संध्याकाळ तरी धड होते. इथे डिसेंबरात दुपारी साडेतीनला काळोख. मार्सलीचा नवरा तो दिवा सांभाळायचा, तो गेल्यावर तिनं सांभाळला. मूलबाळ नव्हतं. गावानं दिवा काढून घेतला नाही आणि तिनंही, ती एक रात्र सोडली तर, तो कधी विझू दिला नाही, असं सांगतात.

धक्क्याला लागून पहिलं घर याखनचं. त्याच्या शेजारी मार्सली. याखन म्हणजे गाठींचा राजा. म्हणे डोळे मिटून, बोलता बोलता, पाठीमागे हात नेऊन गाठ मारायचा. पण या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कारण काय, तर त्याच्या मेंढ्यानं तिची केल खाल्ली. केल म्हणजे कोबीच्या जातीची जाड पानांची भाजी, हिवाळाभर इथे तीच एक हिरवी. एका सकाळी मेंढ्यानं सगळा वाफा साफ केला. ती भांडायला गेली तर हा म्हणतो, "कुंपण घालायला काय झालं होतं तुला?" झालं, त्या दिवसापासून बोलचाल बंद. हसू नका वहिनी. ज्याची हिवाळ्याची भाजी जाते ना, त्यालाच कळतं.

मग एका वर्षी, नाताळाच्या आधी, समुद्र अगदी शांत झाला. या बेटावर डिसेंबरात असं निवांत पाणी मिळत नाही, म्हणून सगळ्या होड्या निघाल्या. याखनचा पाय मोडला होता, तो घरी राहिला आणि त्याचे दोन्ही मुलगे होडी घेऊन गेले. दुपारी वारा फिरला. वायव्येकडून बर्फ आलं, आणि इथलं बर्फ चित्रातल्यासारखं वरून पडत नाही, आडवं येतं, तोंडावर रेती फेकावी तसं. होड्या परतायच्या वेळेला अंधार पडला होता आणि धक्क्याच्या टोकावरचा दिवा विझला होता.

मार्सलीनं दारातून पाहिलं. दिवा नाही म्हणजे होड्या थेट खडकांवर. तिथवर जायचं तर धक्क्यावर बर्फाचा पापुद्रा, वरून लाटा जाताहेत, माणूस अंगावर दोर बांधल्याशिवाय टिकायचा नाही. आणि तेवढा लांब दोर साऱ्या गावात एकाच घरी होता. ती याखनच्या दारात गेली. काय बोलली तेवढं मात्र इथे सगळे एकसारखंच सांगतात. ती म्हणाली, "तुझी पोरं बाहेर आहेत. दोर दे."

त्यानं दोर दिला. मी जातो म्हणाला, पण मोडक्या पायानं उंबराही ओलांडता येईना. मार्सलीनं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. दुसरं टोक याखननं आपल्या दाराच्या कडीला बांधलं. ती पदराआड विस्तव नेतात तशी शालीआड निखाऱ्यांचं मडकं घेऊन निघाली आणि चार पावलांवर दिसेनाशी झाली.

आता नीट ऐका. त्या कडीला याखननं जन्मभर एकच वस्तू बांधली होती, आपली होडी. आणि होडी बांधतात सुरगाठीनं. टोक ओढलं की गाठ मोकळी, कारण वादळात होडी पटकन सोडता आली पाहिजे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना, ती हाताचीही असते. पोरांच्या काळजीनं जीव टांगणीला लागलेला, आणि हातानं आपलं रोजचं काम केलं. गाठींच्या राजानं माणसाच्या दोराला सुरगाठ मारली होती. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. ज्याला गाठीचा विचार करावा लागतो, तो निरगाठ मारतो.

वाऱ्यानं ते सुटं टोक फडफडायला लागलं, झटके बसत गेले. याखनच्या ध्यानात आलं तेव्हा गाठ उकलत होती. त्यानं झडप घातली, आणि त्याच क्षणी तिकडे लाटेनं मार्सलीला धक्क्यावरून खाली ओढलं. सगळा भार दोरावर आला. कडीतून दोर निसटला तो याखनच्या हातात. त्यानं उजव्या पंजाला दोन वेढे घेतले, चांगला पाय चौकटीला लावला आणि उंबऱ्यावर आडवा पडून ओरडला. पुन्हा बांधायची सोय नव्हती, दोर तसूभर ढिला होईना.

मार्सलीच्या पलीकडच्या घरातल्या बाईनं ऐकलं, तिनं धावत येऊन त्याच्या कमरेला मिठी घातली. तिला तिच्या सासऱ्यानं धरलं, त्याला पुढच्या घरातल्यांनी. गावात उरले होते कोण, तर बायका, म्हातारे आणि पोरं. दारादारांतून माणसाला माणूस लागत गेला, चर्चपर्यंत, असं सांगतात. सगळ्यांनी मिळून ओढलं आणि मार्सली पुन्हा धक्क्यावर आली. दोर सैल पडला. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई घरी परत येते.

दोर पुन्हा ताणला गेला, पण तो दिव्याकडे.

कोणाची पोरं होती ती? तिची एकही नव्हती. मडक्यातले निखारे भिजले नव्हते, म्हणे मडक्यावर घट्ट झाकण होतं आणि तिनं पडतानाही ते छातीशी धरलं होतं. तिनं दिवा लावला. तो पुन्हा विझेल म्हणून वाऱ्याकडे पाठ केली, कंदिलाला शाल गुंडाळून फक्त समुद्राकडची बाजू उघडी ठेवली आणि तिथेच बसून राहिली. इकडे लोक याखनला म्हणाले, आता कडीला बांधू, नाहीतर आमच्या हातात दे. त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, "माझ्या गाठीनं तिला दगा दिला. हात दगा देणार नाही." दोर ओला होता, तो त्याच्या पंजाभोवती गोठला.

एकेक होडी आत आली. याखनच्या पोरांची सगळ्यात शेवटी. मुलगे धक्क्यावर उतरले, दिव्यापाशी बसलेल्या मार्सलीला उचललं आणि दोराच्या वाटेनं घरी घेऊन आले. तेव्हा कुठे याखननं मूठ सोडायचं म्हटलं, तर मूठ सुटेना. दोर कापून काढावा लागला. ती बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात गावानं ठरवलं, दोर आधीच बांधून ठेवायचा, घराघरातून. ज्यानं त्यानं आपापल्या कडीला बांधला. याखन आपल्या कडीपाशी उभा होता. डाव्या हातानं आणि दातांनी धडपडत होता, आणि साऱ्या गावात त्याच्याकडे बघायची कुणाची छाती होत नव्हती. मार्सली तिच्या दारातून आली. त्याच्या हातातून टोक घेतलं आणि निरगाठ मारली, अशी की सुरीनंच सुटावी. यानं डाव्या हातानं दोर धरून सगळं अंग त्यावर टाकलं. गाठ हलली नाही. मग ती म्हणाली, "आता तो मेंढाही बांध." दोघांत पुन्हा बोलणं सुरू झालं ते तिथून.

ते पाहून बाकीच्यांनी आपापल्या गाठी सोडल्या आणि शेजाऱ्यांना बोलावलं. आपल्या हाताची सवय आपल्याला दिसत नाही हो, शेजाऱ्याला दिसते. मी मालवणची कुबलांची सून, नवऱ्याला इथल्या बर्फाच्या कारखान्यात काम लागलं म्हणून आले. पहिल्या हिवाळ्यात मला इथलं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. दोराच्या दिवशी दाराआड उभी होते, वाटलं, आपल्याला कोण विचारतंय. तर शेजारची म्हातारी आली, माझं नावसुद्धा माहीत नव्हतं तिला. तिनं गाठ मारली आणि मला खूण केली, लटक. मी लटकले. हे गेल्यावर मुलगा म्हणाला, आई, आता चल परत. मी म्हटलं, जिथे माझी गाठ परक्यानं बांधली ते सोडून कुठे जाऊ?

त्या म्हातारीचाच मुलगा हा कॅलम, बघा, येतोय वाऱ्यात वाकून. याखनच्या घराण्यातला म्हणवतो. आमची बोलचाल बंद आहे, त्याच्या मेंढीनं माझ्या प्लॅस्टिकच्या मांडवातली मेथी खाल्ली म्हणून. वर मलाच विचारतो, मांडवाला दार का नाही लावलं. रक्तात असतं एकेकाच्या. मी ऑगस्टपासून त्याच्याकडे बघितलेलं नाही, आणि बघणारही नाही.

पण आला की नाही? बघा कशी गाठ मारतोय, दोनदा ओढून बघतो. मोघे, चला बाहेर, तुम्हीही लटकून बघा, तुमच्या वजनाला टिकली तर कशालाही टिकेल. आजही या गावात एकाही घराची गाठ त्या घरच्या माणसानं बांधलेली नाही, आणि आजही धक्क्यावरचा दिवा, आता विजेचा असला तरी, होडी बाहेर असताना विझत नाही. वहिनी, माझा कोट द्या तेवढा. त्याची कडी मोकळी आहे आणि अंधार पडायला आलाय. मेथीचं मी उद्या बघून घेईन.