गुंडूराजाच्या नावाचा चोर

“माझं नाव कुणीतरी चोरलंय!” यज्ञेश्वरराजा भर दरबारात गरजला. कोपऱ्यात फुलांची परडी घेऊन उभी असलेली ठकू मनात म्हणाली, आता कुणावर तरी बालंट येणार.

ते आलं नेमकं तिच्याच सासूवर.

झालं होतं असं. आदल्या दिवशी नागपंचमीला राजाची स्वारी हत्तीवरून निघाली. अंबारीत शेजारी परराज्याचा वकील. एवढ्यात गर्दीतून बयाक्का पुढे आली. ही ठकूची सासू, वय ऐंशी, राजाची दाई. राजाला हिनंच अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिनं मायेनं साद घातली, “अरे गुंडू, नीट धरून बस हो, पडशील!”

वकिलानं हसू मिशीत दाबलं, पण त्याच्या पोटाबरोबर अंबारी हलली. दिवेलागणीपर्यंत गावातली पोरं ‘गुंडूराजा’ म्हणत फेर धरू लागली.

“यज्ञेश्वर हे केवढं भारदस्त नाव! त्याचं गुंडू केलं कुणी?” राजानं विचारलं. दरबाऱ्यांनी एकमुखानं बयाक्काचं नाव घेतलं. लगेच हुकूम सुटला की शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत म्हातारीनं राज्याची शीव ओलांडावी आणि पुन्हा तोंड दाखवू नये.

या वयात सासूबाई जाणार कुठे? ठकू परडीसकट पुढे झाली.

“महाराज, सासूबाईंनी जन्मात कुणाला नावं ठेवली नाहीत. मलासुद्धा नाही! मग तुम्हाला कशा ठेवतील?”

दरबार फिसकन हसला. राजाचा पारा आणखी चढला.

“मग खरा चोर आण शुक्रवारी. पण तू बोट दाखवायचं नाहीस. चोरानं आपल्या तोंडानं कबूल केलं पाहिजे. नाहीतर म्हातारीच्या जोडीनं तूही चालू लाग.”

घरी बयाक्का गाठोडं बांधत बसली होती. ती रडत रडत सांगत होती की आपण वाड्यात गेलो तेव्हा पोर दोन महिन्यांचं होतं, आणि तेव्हाही ते गुंडूच होतं. ठकूनं सहज विचारलं, मग यज्ञेश्वर हे नाव आलं कुठून? म्हातारी म्हणाली, आजोबांचं, थोरल्या महाराजांचं. ठकू हसली, आणि भिंतीवर चिकटवलेल्या जिवतीच्या कागदाला हात जोडून म्हणाली, “आई, लेकरांची राखण करतेस, या म्हातारीचीही कर गं.”

शुक्रवार उजाडला. श्रावणातला शुक्रवार, जिवतीच्या पूजेचा. राजा पन्नाशीचा झाला तरी राजमातेनं हा नेम मोडला नव्हता. दिवस कलला की ती पुरणाचे दिवे लावलेलं तबक घेऊन यायची आणि भर दरबारात लेकाला ओवाळायची. पाट मांडला. रांगोळी झाली. ठकूनं फुलं ठेवली आणि हळूच म्हणाली, “आईसाहेब, आज महाराजांना पुऱ्या नावानं हाक मारून पाटावर बोलवा ना. त्यांची फार इच्छा आहे.”

राजमातेनं झटकन पदर पुढे ओढला.

“अगं, काहीतरीच काय! मामंजींचं नाव मी घेऊ?”

“घ्या, आईसाहेब,” राजा म्हणाला. “माझा हुकूम आहे.”

“तुझा हुकूम राज्यावर चालतो रे. माझ्या सासऱ्यांवर नाही.”

“मग पाळण्यात होतो तेव्हा मला काय म्हणत होता?”

“गुंडू. दुसरं काय म्हणणार? पितळी गुंडीसारखा गोल गरगरीत होतास, मीच ठेवलं नाव. तू दुपटं भिजवलंस, तर काय थोरल्या महाराजांनी भिजवलं म्हणायचं?”

दरबारानं माना खाली घातल्या. कुणाचे खांदे हलत होते, कुणी खोकत होतं. राजाला घाम फुटला. चोर तर सापडला होता, आपल्या तोंडानं कबूलही झाला होता, आणि तिकडे सूर्य डोंगराला टेकला होता.

“ठकू,” राजा हळू आवाजात म्हणाला, “आता काय आईला शिवेबाहेर घालू?”

“चोरी झाली असेल तर घालावंच लागेल, महाराज. पण झालीय कुठे? घरोघरी हेच चालतं. नातवाला नाव आजोबांचं, आणि आजी, आई, बाप, चाकर, कुणालाच ते घेता येत नाही. म्हणून तर कुणाचा बापू झाला, कुणाचा नाना, कुणाचा बंडू. यज्ञेश्वर हे नाव थोरल्या महाराजांचं. आज तुमच्याकडे आहे, उद्या तुमच्या नातवाकडे जाईल. तुमच्यासाठीच जन्मलेलं, दुसऱ्या कुणाचंही नसलेलं असं नाव एकच आहे.”

“कोणतं? सांग पाहू.”

ठकूनं पदर सावरला, मान खाली घातली.

“मी कसं घेऊ, महाराज? धन्याचं नाव आहे ते.”

राजाच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि तो असा खदखदून हसला की तबकातले दिवे लवलवले. राजमातेनं आपल्या गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून ठकूच्या गळ्यात घातली. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला, आणि बयाक्काला आणायला राजाचा मेणा निघाला.

“आणि म्हातारीला सांगा,” पाटावर मांडी घालत राजा भोयांना म्हणाला, “लवकर ये म्हणावं. गुंडूला भूक लागलीय.”