भाजलेली माती

“मातीत जीव असतात हे मला ठाऊक नव्हतं का, बुवा? मग मी ते विसरलो कसा?”

यशोधन कर्णिक मठाच्या ओसरीवर बसून विचारत होते. अणुभट्टीतला जहरी कचरा खोल खडकात पुरायचा, त्यासाठी तांब्याचा डबा घडवायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. डबा लाख वर्षं टिकेल असं ते छातीठोकपणे सांगत. सांगताना मान जरा ताठच असे.

आज ती खाली होती.

सोमगिरी बुवा अंथरुणावर भिंतीला टेकून बसले होते. थकले होते फार.

कर्णिकांनी रुमालातून तांब्याचे दोन तुकडे काढले. दोन्ही चिकणमातीत गाडून ठेवलेले. एक लखलखीत. दुसरा काळा पडलेला, अंगावर बारीक खड्डे.

पहिल्याची माती त्यांनी आधी भट्टीत भाजून घेतली होती. निकाल स्वच्छ यावा म्हणून. इतकी वर्षं ते तसंच करत आले होते. दुसऱ्याची माती कच्ची, खाणीतून आली तशी. तिच्यात हवेवाचून जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव होते. त्यांनी जे सोडलं, त्याने तांबं पोखरलं.

उद्या डब्याचा निर्णय घ्यायला समिती बसणार होती. काळा तुकडा दाखवला तर सगळं काम पाण्यात. लखलखीत दाखवला तर डबा मंजूर, मठामागच्या डोंगरात पुरला जाणार... आणि त्या डोंगराखालच्या गावांच्या विहिरी पुढे कधीतरी नासणार.

माणूस लबाड नव्हता. भ्यायला होता. त्याच्याकडे बघून जीव कळवळावा असा.

“कोणता नेऊ, बुवा?”

बुवा अंगणात बघत राहिले. तिथे त्यांच्या समाधीचा खड्डा खणून तयार होता. गोसाव्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात.

कर्णिकांचे डोळे भरून आले. विषय बदलावा म्हणून की मायेपोटी, कोण जाणे, ते म्हणाले, “तुमच्यासाठी याच तांब्याची पेटी करून आणतो. देहाला काही शिवणार नाही.”

बुवा हसले. “आणि आमचा डोंगर कधी भाजून देतोस?”

कर्णिकांची नजर काळ्या तुकड्यावर गेली.

मग बुवांनी काळा तुकडा उचलला. आजारी पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला, रुमालात नीट गुंडाळला आणि कर्णिकांच्या हातात दिला.

लखलखीत तुकडा त्यांनी उशाच्या कोनाड्यात ठेवला.

“हा राहू दे इथं,” ते म्हणाले. “याला कुठं जमिनीत जायचंय.”