परत करून वाढलेलं पुस्तक

एका तालुक्याच्या गावी कॉलेज होतं. तिथल्या ग्रंथालयात शंखपाळ नावाचे ग्रंथपाल होते. पुस्तकं थोडी, पोरं फार. म्हणून त्यांचा नियम होता, की एकानं नेलेलं पुस्तक परत आल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही. नियम चांगला होता. त्यामुळं सगळ्यांचा नंबर लागायचा.

मग साथ आली. कॉलेजला कुलूप लागलं. प्राचार्यबाई म्हणाल्या, "शंखपाळ, आता ग्रंथालय घरातून चालवा. सगळ्या पोरांसाठी कॉम्प्युटरवरची पुस्तकं विकत घेतली आहेत. मागतील तशी पाठवत जा."

कपाट नाही, खिडकी नाही, पुस्तकाला वजन नाही. ह्याला ग्रंथालय म्हणायचं तरी कसं? शंखपाळांना काही उमगेना. तरी माणूस कामाचा. दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढं बसायचे. आत भांडं वाजलं की ओरडायचे, "शांतता राखा!"

"शांतता पाहिजे तर स्वयंपाक तुम्ही करा," आतून बायको म्हणायची.

एक दिवस निलोफर नावाच्या मुलीचा फोन आला. "सर, रसायनशास्त्राचं पुस्तक पाठवा ना. परवा परीक्षा आहे."

"ते तुझ्या वर्गातल्या प्रतीक्षानं नेलंय. तिनं परत केलं की देतो."

"सर, ते तर कॉम्प्युटरमधलं आहे!"

"असू दे. नेलं म्हणजे नेलं."

पोरगी रडकुंडीला आली. "नापास झाले तर अब्बा माझं कॉलेज बंद करतील, सर."

शंखपाळ काही दगड नव्हते. त्यांनी लगेच प्रतीक्षाला फोन लावला. "पुस्तक परत कर."

"परत? कसं करू, सर?"

"आलं तसंच पाठव."

तिनं पाठवलं.

"आता तुझ्याकडं नाही ना?"

"आहे की, सर."

"मग हे आलं ते कुठलं?"

"तेच."

शंखपाळांनी डोकं धरलं. जन्मभर पुस्तकं कमी होतानाच बघितली होती. काही फाटली, काही हरवली, काही वाळवीनं खाल्ली. परत केल्यावर वाढलेलं पुस्तक हे पहिलंच. तिच्याकडं आहे, परतही आलं, आणि आपलं मूळचं होतं तिथंच! खरं सांगतो, हे मलाही अजून नीट कळलेलं नाही.

बायको कणीक मळता मळता ऐकत होती. म्हणाली, "शेजारणीला मी कटाची आमटी शिकवली. म्हणून माझी मी विसरले का? द्या त्या पोरीला!"

शंखपाळांना ते पटलं. नियम सगळ्यांचा नंबर लागावा म्हणून होता, आणि त्याच नियमापायी ही पोरगी अडली होती. त्यांनी निलोफरला पुस्तक पाठवलं. मग उरलेल्या वर्गालाही पाठवलं.

निलोफर पास झाली. तिनं फोन करून विचारलं, "सर, पुस्तक परत कधी करू?"

"करू नकोस बाई, आणखी वाढेल!" शंखपाळ घाबरून म्हणाले. "आणि पानं दुमडू नकोस."

तात्पर्य: नियम पाळा, पण तो कशासाठी केला होता ते विसरू नका. मुबलक असताना टंचाईचा नियम चालवणारा कितीही शिकलेला असला तरी अडाणीच.