सरांचा काळा चौकोन

चिंदरकर सरांना तांत्रिक लेखनाच्या ऑनलाइन वर्गापेक्षा स्वतःच्या नियमावलीचं कौतुक जास्त. उशीर झाला की गैरहजर, कॅमेरा बंद असला तरी गैरहजर, आणि तीनदा गैरहजर राहिलं की परीक्षाच नाही!

दर्शनाच्या दोन गैरहजेऱ्या लागल्या होत्या. त्यात आज रेंजसाठी गावामागचा सडा, ते उंच कातळाचं पठार, चढून धापा टाकत ती सातच्या वर्गात आली, ती दहा मिनिटं उशिरा.

"उशीर! तिसरी गैरहजेरी!" सर कडाडले. पडद्यावर त्यांच्या जागी नुसता काळा चौकोन होता.

"सर, तुमचा कॅमेरा बंद आहे. म्हणजे नियमाने तुम्ही अजून आलाच नाहीत," दर्शना म्हणाली. "मग मला उशीर कसा झाला?"

कॅमेरा लागला. सर बनियनवर, अर्ध्या गालाला साबण.

"आज सगळे हजर," ते म्हणाले.